आधी कोणती वनस्पती वाचवावी? : देशी वनस्पतींची पारख आणि संरक्षणाचा अग्रक्रम

महाराष्ट्राच्या वनस्पतिसंपत्तीचा विचार निघाला की सामान्यतः दाट जंगले आणि उंच वृक्ष डोळ्यांसमोर येतात. तथापि राज्यातील अनेक दुर्मिळ वनस्पती वीतभरही उंचीच्या नाहीत. कोकणातील जांभ्या दगडाचे सडे, सह्याद्रीची उघडी पठारे आणि किल्ल्यांचे उभे कडे हे त्यांचे वसतिस्थान होय. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ही जमीन ओसाड दिसते. महसुली दप्तरात तिची नोंद बहुधा पडीक किंवा पोटखराब अशी असते. त्यामुळे खाणीसाठी, बांधकामासाठी, इतकेच नव्हे तर वृक्षलागवडीसाठीही जागा शोधताना पहिली नजर तिच्यावरच जाते. जमीन 'रिकामी' आहे या समजुतीने घेतलेल्या एका निर्णयात एखादी वनस्पती कायमची नाहीशी होऊ शकते, आणि ती गेल्याची वार्ताही कोणाला लागत नाही.

सर्वच वनस्पतींचे संरक्षण झाले पाहिजे, हे तत्त्व म्हणून योग्य आहे. व्यवहारात मात्र निधी मर्यादित असतो, मनुष्यबळ मर्यादित असते आणि वेळ तर त्याहूनही थोडा असतो. म्हणून कोणत्या वनस्पती खरोखर संकटात आहेत आणि त्यांपैकी कोणाकडे आधी लक्ष द्यावे, हे ठरविणे अपरिहार्य ठरते. हे काम अंदाजाने किंवा भावनेने करावयाचे नसून त्याची एक शास्त्रीय पद्धत आहे. ती पद्धत शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण तिला लागणारी बरीचशी माहिती प्रयोगशाळेत नव्हे, तर गावाच्या शिवारात मिळते.

दुर्मिळता आणि संकट

दुर्मिळ असणे आणि संकटात असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. काही वनस्पती निसर्गतःच मोजक्या ठिकाणी वाढतात. त्यांची वसतिस्थाने सुरक्षित असतील, तर त्या शतकानुशतके तशाच टिकून राहतात. उलट, आज विपुल दिसणारी एखादी वनस्पती बाजारात मागणी आल्यामुळे एका पिढीच्या आत झपाट्याने घटू शकते.

नरक्या या वृक्षाचे उदाहरण येथे देता येईल. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हा वृक्ष अनेक ठिकाणी आढळतो. भारताच्या इतर भागांतही आहे. म्हणजे तो काही एखाद्याच डोंगरापुरता मर्यादित नाही. परंतु त्याच्यात कॅम्टोथेसिन हे द्रव्य असते. हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेतील संशोधकांनी एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले. कर्करोगावरील काही महत्त्वाची औषधे त्यापासून तयार होतात. नरक्यातही ते असल्याचे १९७२ मध्ये सिद्ध झाल्यावर या वृक्षाला मागणी आली आणि झाडेच्या झाडे तोडली जाऊ लागली. अशा वृक्षाच्या बाबतीत 'तो किती ठिकाणी आहे' यापेक्षा 'तो किती वेगाने कमी होत आहे' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

देशी, परदेशी आणि प्रदेशनिष्ठ

यादी करण्यापूर्वी वनस्पती देशी आहे किंवा नाही, हे पाहावे लागते. घाणेरी, रानमोडी, गिरिपुष्प या आज सर्वत्र दिसणाऱ्या वनस्पती मूळच्या परदेशी आहेत. त्या कोठे कमी आढळल्या तरी तो चिंतेचा विषय नव्हे. उलट देशी वनस्पतींना त्या मागे रेटतात, ही खरी चिंता आहे.

देशी वनस्पतींमध्येही काही जाती अशा आहेत की, ठरावीक भूप्रदेशाबाहेर जगात अन्यत्र कोठेही त्या आढळत नाहीत. त्यांना प्रदेशनिष्ठ म्हणतात. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर पावसाळी डबक्यांत वाढणारा वायतुरा हे याचे ठळक उदाहरण होय. दोन फाट्यांचा फुलोरा असणाऱ्या या पाणवनस्पतीचे शास्त्रीय वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिला साताऱ्याच्या नावावरून ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस असे नाव देण्यात आले. कोकणातील सड्यांवर पहिल्या पावसाबरोबर पांढरी फुले घेऊन येणारी दीपकाडीही अशीच प्रदेशनिष्ठ आहे. अशा वनस्पती येथून गेल्या, तर पृथ्वीवरूनच गेल्या. म्हणून त्यांची जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

नावाचा घोटाळा

दुसरी पायरी अचूक ओळखीची. स्थानिक नावे मोलाची असली, तरी एकच नाव अनेक वनस्पतींना आणि एकाच वनस्पतीला अनेक नावे असणे ही नित्याची बाब आहे. 'ब्राह्मी' या नावाने महाराष्ट्रात दोन अगदी भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. 'शंखपुष्पी'ची तीच गत आहे. शोभेसाठी रस्त्याकडेला लावला जाणारा सरळसोट वृक्ष लोक 'अशोक' म्हणून ओळखतात. वस्तुतः तो आसुपालव होय. औषधात वापरला जाणारा खरा अशोक म्हणजे सीताअशोक. ओढ्याकाठच्या रानात वाढणाऱ्या या वृक्षाची साल काढली जात असल्याने जागतिक यादीत तो असुरक्षित गणला गेला आहे. गावात 'अशोक भरपूर आहेत' अशी नोंद झाली आणि ती आसुपालवाची असली, तर संकटातील वृक्ष कागदोपत्री सुरक्षित ठरेल.

म्हणून प्रत्येक नोंदीला पुरावा हवा. वनस्पतिसंग्रहालयात जतन केलेला वाळविलेला नमुना हा सर्वांत भक्कम पुरावा. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० मध्ये स्थापन झाली आणि तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून पुणे येथे आहे. तेथील संग्रह, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहालय यांमध्ये जुने नमुने सुरक्षित आहेत. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथही आजच्या तुलनेसाठी उपयोगी पडतो. शंभर वर्षांपूर्वी एखादी वनस्पती कोठे होती हे कळले, तरच ती कोठून नाहीशी झाली हे सांगता येते.

संकट मोजण्याच्या पाच कसोट्या

संकटग्रस्त जातींची जागतिक यादी ठेवण्यास आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने १९६४ मध्ये प्रारंभ केला. आरंभीच्या काळात तज्ज्ञांच्या मतावर अधिक भिस्त होती. १९९४ मध्ये अंकांवर आधारलेल्या कसोट्या स्वीकारण्यात आल्या आणि २००१ मध्ये त्या सुधारण्यात आल्या. भारतातही वनस्पती सर्वेक्षणाने १९८७ ते १९९० या काळात भारतीय वनस्पतींचे 'रेड डेटा बुक' तीन खंडांत प्रसिद्ध केले.

संघाच्या पद्धतीत संकटाच्या तीन श्रेणी आहेत : अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित. श्रेणी ठरविण्याच्या कसोट्या पाच आहेत.

(१) घट : दहा वर्षे किंवा तीन पिढ्या यांपैकी जो काळ मोठा असेल, त्यात संख्या किती कमी झाली? घटीची कारणे अद्याप थांबलेली नसतील, तर ८० टक्के घट अतिसंकटग्रस्त, ५० टक्के घट संकटग्रस्त आणि ३० टक्के घट असुरक्षित ठरविते.

(२) क्षेत्र : वनस्पती प्रत्यक्षात किती जागा व्यापते? त्यासाठी नकाशावर दोन किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून ती किती चौकोनांत आढळते, हे मोजतात. हे क्षेत्र १० चौरस किलोमीटरहून कमी असल्यास अतिसंकटग्रस्त, ५०० हून कमी असल्यास संकटग्रस्त आणि २,००० हून कमी असल्यास असुरक्षित. मात्र केवळ क्षेत्र लहान असणे पुरेसे नाही. वसतिस्थानांचे तुकडे पडणे किंवा ठिकाणे अत्यल्प असणे, ऱ्हास चालू असणे आणि संख्येत तीव्र चढउतार होणे, या तीनपैकी दोन गोष्टी आढळाव्या लागतात.

(३) थोडी आणि घटती संख्या : बीजोत्पादनास समर्थ अशी झाडे २५० हून, २,५०० हून किंवा १०,००० हून कमी असून ती आणखी घटत आहेत काय?

(४) अत्यल्प संख्या : घट दिसत नसली, तरी अशी झाडे ५० हून, २५० हून किंवा १,००० हून कमी आहेत काय?

(५) गणिती अनुमान : उपलब्ध आकडेवारीवरून ठरावीक काळात वनस्पती नष्ट होण्याचा संभव किती?

यांपैकी कोणत्याही एका कसोटीस वनस्पती उतरली, तरी ती त्या श्रेणीत येते. निरनिराळ्या कसोट्यांवरून निरनिराळ्या श्रेणी निघाल्यास सर्वांत गंभीर श्रेणी ग्राह्य धरतात. येथे मोजणी रानातील वनस्पतींचीच होते. बागेत किंवा शेतात लावलेली रोपे कितीही असली, तरी ती हिशेबात धरली जात नाहीत.

एक उदाहरण

समजा, एका तालुक्यातील सड्यांवर वाढणारी एखादी प्रदेशनिष्ठ वनस्पती नकाशावरील तीनच चौकोनांत आढळली. प्रत्येक चौकोन चार चौरस किलोमीटरचा, म्हणजे तिचे व्याप्त क्षेत्र १२ चौरस किलोमीटर झाले. हे क्षेत्र १० हून अधिक, परंतु ५०० हून पुष्कळच कमी आहे. तिची ठिकाणे तीन आहेत, म्हणजे संकटग्रस्त श्रेणीसाठी ठरविलेल्या पाचांच्या आत आहेत. आता, त्या सड्यांवर चिऱ्याच्या खाणी पसरत असून वसतिस्थानाचा ऱ्हास चालू असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले, तर ती वनस्पती संकटग्रस्त ठरते. ऱ्हास होत नसेल आणि संख्याही स्थिर असेल, तर या कसोटीवर ती संकटात गणली जात नाही. मात्र इतक्या थोड्या ठिकाणी असलेल्या वनस्पतीवर नजीकच्या काळात अचानक घाला पडण्याचा स्पष्ट संभव असेल, तर ती निदान असुरक्षित मानली जाते.

या उदाहरणातील निर्णायक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. क्षेत्राचा आकडा तज्ज्ञ नकाशावरून काढू शकतो. परंतु खाण पुढे सरकत आहे की नाही, गुरे कोठवर जातात, वणवा दरवर्षी लागतो काय, ही माहिती गावातूनच यावी लागते. ती आली नाही, तर वनस्पतीची श्रेणीच चुकते.

श्रेणी म्हणजे अग्रक्रम नव्हे

संकटाची श्रेणी निश्चित झाली म्हणजे कामाचा क्रम आपोआप ठरतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. श्रेणी ही वनस्पती विनाशाच्या किती जवळ आहे ते सांगते. आधी काय करावे, हे ठरविण्यासाठी आणखी चार प्रश्न विचारावे लागतात : ती जगात अन्यत्र आहे काय? तिला जवळचे नातलग उरले आहेत, की ती आपल्या वंशात एकाकी आहे? धोका किती तातडीचा आहे? आणि उपाय केल्यास यश येण्याचा संभव किती?

शिवसुमन, वायतुरा आणि नरक्या यांना हे प्रश्न लावून पाहता येतील. शिवसुमन ही जुन्नर, पुरंदर या भागांतील कड्याकपारींत वाढणारी मांसल वनस्पती आहे. डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे नाव दिले आणि दीर्घकाळ ती त्या वंशातील एकमेव जाती मानली जात होती. रानात ती अत्यंत थोडी असली, तरी तिच्या फांदीच्या तुकड्यापासून रोप सहज तयार होते. म्हणून तिच्या बाबतीत रोपे वाढवून मूळच्या सुरक्षित कड्यांवर पुन्हा लावणे हा खर्चाने अल्प आणि फलदायी उपाय आहे. वायतुऱ्याचे तसे नाही. पठारावरील उथळ पाणथळ जागा हेच त्याचे जीवन आहे. ती बुजली किंवा तिचे पाणी वळविले गेले, तर बागेत जपलेल्या चार कंदांनी ती उणीव भरून निघत नाही. तेथे जागेचे संरक्षण हाच उपाय. नरक्याच्या बाबतीत वाहतूक व व्यापार यांवर देखरेख आणि लागवडीस उत्तेजन यांना प्राधान्य द्यावे लागते. सारांश, तीन वनस्पतींना तीन निराळे उपाय, आणि ते करणाऱ्या यंत्रणाही निराळ्या.

अनेक दुर्मिळ वनस्पती एकाच ठिकाणी असतील, तर एकेका वनस्पतीऐवजी त्या जागेलाच अग्रक्रम देणे श्रेयस्कर असते. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत झाला, तो याच दृष्टीने महत्त्वाचा आहे. देवरायांचेही असेच आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय जगापुढे मांडले. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळांची दलदल देवराई म्हणून ग्रामस्थांनी राखली, म्हणूनच ती आज जैवविविधता वारसा स्थळ होऊ शकली.

न दिसणे म्हणजे नष्ट होणे नव्हे

यादी करताना घाईने 'नामशेष' असा शेरा मारणे धोक्याचे असते. कंदीलपुष्प किंवा खर्चुडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेरोपेजिया वंशातील वनस्पतींनी हा धडा दिला आहे. भारतात या वंशाच्या पन्नासाहून अधिक जाती असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रदेशनिष्ठ आहेत. सह्याद्री हे त्यांचे महत्त्वाचे माहेर आहे. यांपैकी काही जाती अनेक दशके कोणालाच आढळल्या नव्हत्या. पुढे कसून शोध घेतल्यावर त्या पुन्हा सापडल्या. या वनस्पतींचे कंद वर्षाचा बराच काळ जमिनीखाली सुप्त राहतात. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत त्या दिसणारच नाहीत. त्यांचे कंद माणसे आणि रानडुकरे दोघेही उकरून खातात, हे त्यांच्या घटीचे एक कारण होय. म्हणून योग्य ऋतूत, योग्य जागी आणि एकाहून अधिक वर्षे पाहणी केल्याशिवाय कोणतीही वनस्पती गेली असे म्हणू नये. तसेच 'पुरेशी माहिती नाही' या नोंदीचा अर्थ 'धोका नाही' असा कधीही घेऊ नये.

गावपातळीवरील कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करण्याची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. ही नोंदवही केवळ पूर्तता म्हणून भरली गेली, तर ती कपाटात पडून राहील. तिच्यात पुढील गोष्टी काटेकोरपणे आल्या, तर ती संरक्षणाचे प्रभावी साधन होईल.

(१) प्रत्येक दुर्मिळ वनस्पतीचे स्थानिक नाव, आढळण्याचे ठिकाण, तारीख, फुलण्याचा काळ आणि संख्या यांची नोंद. पान, फूल, फळ आणि संपूर्ण रोप यांची छायाचित्रे जोडावीत. ओळख पटविण्यासाठी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे साहाय्य घ्यावे.

(२) तीच जागा दरवर्षी त्याच सुमारास पाहून पुन्हा मोजणी. एका वर्षाची मोजणी ही केवळ नोंद असते. पाच वर्षांच्या मोजणीतून घट किंवा वाढ दिसू लागते. शाळेतील विद्यार्थ्यांकडून शिक्षकांना हे काम उत्तम रीतीने करून घेता येईल.

(३) वैदू, गुराखी, धनगर आणि कंद-भाज्या गोळा करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून 'पूर्वी कोठे मिळत असे आणि आता कोठे मिळते' याची माहिती. जुन्या नमुन्यांइतकीच ही माहिती मोलाची आहे.

(४) वनस्पती आढळली नाही, तरीही तशी नोंद. शोध घेऊनही न सापडणे हीदेखील माहितीच आहे.

हे करताना दोन पथ्ये पाळावीत. दुर्मिळ वनस्पती नमुन्यासाठी मुळासकट उपटू नये. तसेच व्यापारी मागणी असलेल्या वनस्पतींची नेमकी ठिकाणे जाहीर करू नयेत; ती समितीच्या दप्तरी सुरक्षित ठेवावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पठार किंवा सडा यांच्या वापराचा कोणताही ठराव करण्यापूर्वी ही नोंदवही ग्रामसभेपुढे ठेवली जावी. खाणीच्या प्रस्तावाप्रमाणेच वृक्षलागवडीच्या कार्यक्रमासही हे लागू आहे. वृक्ष लावणे हे निःसंशय सत्कार्य आहे. परंतु नैसर्गिकरीत्या उघड्या असलेल्या सड्यावर खड्डे घेऊन झाडे लावली, तर सावलीत तग न धरणाऱ्या तेथील लहान वनस्पतींचे घर मोडते. रोपांसाठी गावात अन्य जागा मिळू शकते. सड्यावरील वनस्पतीला दुसरी जागा नसते.

संकटग्रस्त वनस्पतींची यादी राष्ट्रीय किंवा जागतिक पातळीवर प्रसिद्ध होते. तथापि त्या यादीतील प्रत्येक नावामागे कोणत्या ना कोणत्या गावाचा एखादा सडा, कडा किंवा ओढा असतो. पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनीचा एक पावसाळा लक्षपूर्वक अभ्यास केला, तर ती खरोखर पडीक आहे किंवा नाही, हे ठरविणे कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे. तो अभ्यास ठरावाच्या आधी व्हावा. नंतर झाल्यास त्याचा उपयोग केवळ इतिहासाच्या नोंदीपुरता उरतो.